भोंगा एकाचा, जागरण दुसऱ्याचं

१२१.५ मेगाहर्ट्झ ही विमानांची आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. छोटं विमान कुठे आदळलं, की त्याच्या शेपटीकडे बसवलेला एक डबा आपोआप या फ्रिक्वेन्सीवर बोंबलायला लागतो. आवाज म्हणजे वरून खाली घसरत जाणारी शिट्टी. सेकंदाला दोन ते चार वेळा, बॅटरी संपेपर्यंत. डब्याचं नाव ईएलटी, म्हणजे इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर. मी पुढे सरळ बीकन म्हणेन.

अमेरिकेत असा आवाज कुठेतरी ऐकू आल्याची वर्दी लागली की फ्लोरिडातल्या टिंडल हवाई तळावरच्या समन्वय केंद्रातून फोनाफोनी सुरू होते. जमिनीवरच्या शोधासाठी यातले बहुतेक फोन सिव्हिल एअर पट्रोल या संघटनेच्या माणसांना जातात. ही तिथल्या हवाई दलाची अधिकृत सहायक संघटना. १ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरच्या आठवडाभर आधी, स्थापन झालेली. सुमारे साठ हजार सभासद, पाचशेहून जास्त एक इंजिनाची विमानं. सभासदांत नोकरदार आहेत, निवृत्त वैमानिक आहेत, बाराव्या वर्षापासून पुढची कॅडेट पोरंपोरीही आहेत. शोधाला निघालेल्या विमानाच्या इंधनाचे पैसे सरकार देतं. माणसाच्या वेळेचे कोणी देत नाही. उलट सभासदच दर वर्षी वर्गणी भरतात.

आता या माणसांना रात्री दोनला उठवून हाती काय लागायचं ते बघा. जुन्या १२१.५च्या गजरांपैकी १००तले जवळपास ९७ खोटे निघायचे. म्हणजे कसं, तर संध्याकाळी कोणीतरी विमान जरा आपटून उतरवलं. हँगरमध्ये ढकललं, कुलूप लावलं, घरी जाऊन जेवून झोपला. मागे डबा ओरडतोय. पाच माणसं थंडीत गाडी काढून, हातात रेडिओ घेऊन, एकेका हँगरच्या पत्र्याला कान लावत फिरताहेत. हँगर सापडलं तर किल्ली कोणाकडे, हा पुढचा प्रश्न. विमान बाहेर उभं असेल आणि मालक फोन उचलत नसेल तर त्याच्या अँटेनाला स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायचा, म्हणजे निदान आवाज तरी दबतो. पहाटे घरी. नऊला आपापलं ऑफिस.

या गोष्टी सांगताना ‘निःस्वार्थ सेवा’ हे शब्द पहिल्या दोन वाक्यांत येतात. माझं भांडण त्या शब्दांशी आहे. सेवा खरी आहे, माणसं खरी आहेत, त्यांचं कसब तर मला थक्क करतं. पण पन्नासेक वर्षं ज्यांनी हा डबा नीट बनवायला, नीट सांभाळायला आणि बदलायला हवा होता, त्यांनी आपलं काम या माणसांच्या झोपेवर ढकललं. आणि आपण टाळ्या वाजवतो म्हणून त्यांना ते ढकलता येतं.

डबा आला कसा, ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय राग नुसता राग वाटेल.

मार्च १९६७. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेलं एक लहान सेसना उत्तर कॅलिफोर्नियाच्या बर्फाळ डोंगरात पडलं. आत नवरा-बायको आणि बायकोची १६ वर्षांची मुलगी. तिघंही वाचले. विमान चालवणारा नवरा मदत आणायला म्हणून चालत निघाला तो परत आला नाही. मायलेकी मोडक्या विमानात थांबल्या. शोध झाला, काही सापडलं नाही, बंद झाला. मुलगी रोजनिशी लिहीत होती. ऑक्टोबरमध्ये शिकारीला गेलेल्यांना विमान सापडलं तेव्हा ती रोजनिशीही सापडली. अपघातानंतर ५४ दिवसांपर्यंतच्या नोंदी होत्या तिच्यात. चोपन्न दिवस दोन जिवंत माणसं तिथे होती आणि ‘आम्ही इथे आहोत’ एवढं सांगायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

या प्रकरणाने कायद्याला रेटा मिळाला. १९७०च्या शेवटी अमेरिकेत कायदा झाला, लहान विमानांना १९७३ अखेरपर्यंत मुदत मिळाली. ती मुदत संपायच्या आधीच, १६ ऑक्टोबर १९७२ रोजी, अलास्कात अँकरेजहून जुनोला जाणारं एक सेसना ३१० नाहीसं झालं. त्यात हेल बॉग्ज होते, प्रतिनिधिगृहातले बहुमत पक्षाचे नेते, आणि अलास्काचे प्रतिनिधी निक बेगिच. विमानात बीकन नव्हता. ३९ दिवस शोध चालला. विमान आजतागायत सापडलेलं नाही. देशातल्या सगळ्यात वजनदार राजकारण्यांपैकी एकाची ही गत.

तर डबा आवश्यक होता, यात वाद नाही. वाद त्याच्या पुढचा आहे. घाईने आलेल्या पहिल्या पिढीच्या बीकनमध्ये धक्का ओळखणारा एक स्विच होता आणि तो स्विच खोडकर होता. आपटून उतरलात की वाजणार, खऱ्या अपघातात कधी वाजणार तर कधी आगीत, पाण्यात किंवा अँटेना तुटून गप्प बसणार. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. हा डबा फक्त ओरडायचा. मी कोण, कोणाच्या विमानातला, काहीही सांगायचा नाही. जगातले सगळे १२१.५चे बीकन एकाच निनावी आवाजात ओरडतात. हे निनावीपण लक्षात ठेवा, मुद्दा तिथेच आहे.

निनावी आवाजाचा माग काढायची विद्या मात्र या स्वयंसेवकांनी फार सुंदर उभी केली आहे. इंजिनियर म्हणून तिच्यावर थोडं रेंगाळल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

विमानातून शोधायची एक रीत अशी. उंच पंखाच्या सेसनाच्या पंखावर अँटेना असते. विमान एका बाजूला कलवून गोल फिरवायचं. फिरता फिरता एका क्षणी स्वतःचाच पंख अँटेना आणि बीकनच्या मध्ये येतो आणि कानातली शिट्टी मरते. त्या क्षणी होकायंत्र वाचायचं. बीकन त्या दिशेशी काटकोनात. किमती यंत्र नको, काही नको. आपलं विमान आडवं येतं हाच शोधाचा आधार. दुसरी रीत याहून साधी: सरळ उडत राहायचं, आवाज कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते नकाशावर मांडायचं, त्या रेषेच्या मध्यावर काटकोनात वळायचं आणि तेच पुन्हा करायचं.

जमिनीवर उतरलात की खेळ बदलतो. दिशा दाखवणारी अँटेना असेल तर उत्तम. नसेल तर हातातला रेडिओ छातीशी धरायचा आणि जागेवर हळूहळू गिरकी घ्यायची. आपलं शरीर, म्हणजे पाण्याने भरलेलं पोतंच ते, लहरी अडवतं. आवाज सगळ्यात क्षीण होतो तेव्हा बीकन तुमच्या पाठीमागे असतो. फार जवळ गेलात की उलटी अडचण: आवाज सगळीकडून सारखाच येतो. मग अँटेना काढून टाकायची, किंवा रेडिओ मुद्दाम शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर लावायचा, म्हणजे तो थोडा बहिरा होतो आणि दिशा पुन्हा कळू लागते. नीट ऐकू यावं म्हणून यंत्राला बहिरं करायचं, ही कल्पना मला अजून गुदगुल्या करते. आणि या सगळ्यावर पत्र्याच्या शेड, तारेची कुंपणं, गाड्यांच्या टपांवरून परावर्तित होऊन येणारे खोटे सिग्नल. विमानतळावरचं हँगरांचं जंगल म्हणजे आरसेमहालच.

बरं, सापडलेली वस्तू बीकनच असेल असंही नाही. उपग्रहांना १२१.५वर ऐकू येणाऱ्या आवाजांत एटीएम मशीन, पिझ्झाच्या भट्ट्या आणि स्टेडियममधले स्कोअरबोर्डसुद्धा होते, असं खुद्द अमेरिकी सरकारी यंत्रणेनेच सांगितलेलं आहे. ऑक्टोबर २००४मध्ये ओरेगॉनमधल्या कोर्व्हॅलिस गावात अशीच एक शोधमोहीम एका कॉलेजच्या मुलाच्या दारात येऊन थांबली. सिव्हिल एअर पट्रोल, शेरिफचा माणूस, बचाव पथक, सगळे दारात. आत अपघात वगैरे काही नव्हता. त्याचा टीव्ही १२१.५वर सिग्नल सोडत होता आणि तो अंतराळातल्या उपग्रहाने पकडला होता. पुन्हा लावलास तर दिवसाला दहा हजार डॉलरपर्यंत दंड, अशी समज त्याला मिळाली. शेवटी कंपनीने नवा टीव्ही दिला. ही बातमी तेव्हा जगभर गंमत म्हणून छापून आली. एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा: टीव्हीवाल्या पोराला दंडाची धमकी मिळते. दर हिवाळ्यात हँगरमध्ये बीकन बोंबलत ठेवणाऱ्या विमानमालकाला बहुतेक वेळा मिळतं काय, तर सकाळी एक नम्र फोन.

आता माझ्या धंद्याकडे येतो, कारण हा प्रश्न मला तिथूनच कळला.

सॉफ्टवेअरमध्ये ऑन-कॉल नावाचा प्रकार असतो. आठवड्याला एकाची पाळी. सर्व्हर कण्हला की रात्री त्याचा फोन वाजतो. अलार्म खोटा असला तरी उठावंच लागतं, कारण उठून बघेपर्यंत तो खोटा आहे हे कळत नाही. मी जिथे काम करायचो तिथे एका दुसऱ्या टीमच्या सर्व्हिसचे अलार्म आमच्याकडे यायचे. कित्येक महिने ‘थ्रेशोल्ड बघतो’ असं उत्तर यायचं. एक दिवस मॅनेजरने ते अलार्म त्यांच्याच पाळीवर वळवले. दोन आठवड्यांत सगळं दुरुस्त. त्यांची अक्कल रातोरात वाढली नव्हती. झोप मोडायला लागली होती. आमच्या क्षेत्रात हा नियम आता जवळपास सर्वमान्य आहे: ज्याने कोड लिहिला, पेजरही त्यानेच सांभाळायचा.

बीकनच्या दुनियेत हा नियम उलटा आहे. डबा मालकाचा, दुर्लक्ष मालकाचं, पेजर कोणा तिऱ्हाइताचा. अशा व्यवस्थेत खोटे अलार्म कमी होतील अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे भाबडेपणा. कमी व्हायला कारणच नाही.

यावर खरा उपाय निघाला होता, आणि तो इथे नीट समजून घ्यायला हवा, कारण लोक त्याचं श्रेय चुकीच्या जागी देतात. १९७९मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी, ऐन शीतयुद्धात, कोस्पास-सारसॅट ही उपग्रहांनी बीकन ऐकायची व्यवस्था ठरवली. पहिला उपग्रह ३० जून १९८२ रोजी सोव्हिएतांनी सोडला आणि त्याच सप्टेंबरात ब्रिटिश कोलंबियाच्या रानात पडलेल्या विमानातली तीन माणसं त्यामुळे वाचली. या व्यवस्थेसाठी ४०६ मेगाहर्ट्झचा नवा डिजिटल बीकन आला. जुना दहावा भाग वॉट शक्तीने सतत ओरडायचा. नवा साधारण दर ५० सेकंदांनी अर्धा सेकंद, पण पाच वॉटने. जुन्याची जागा उपग्रहाला २० किलोमीटरच्या परिघात कळायची, नव्याची पाचेक किलोमीटरमध्ये, आणि जीपीएस जोडलं असेल तर शंभरेक मीटरमध्ये.

आकडे भारी आहेत. पण तुम्हाला वाटेल की यामुळे खोटे गजर थांबले, तर तसं नाही. ४०६चे गजरही बहुतांश खोटेच असतात; धक्के तेच, माणसं तीच. फरक एवढाच, की नवा बीकन आपली ओळख सांगतो. त्याच्या संदेशात एक क्रमांक असतो, तो नोंदवहीत शोधला की मालकाचा फोन नंबर मिळतो. केंद्रातला माणूस फोन लावतो: साहेब, तुमचं विमान कुठे आहे? हँगरमध्ये? मग जाऊन तो डबा बंद करा. संपलं. बहुतेक वेळा कोणाला गाडी काढावी लागत नाही. उपग्रह, डॉपलर, डिजिटल हे सगळं ठीक. काम केलं ते पत्त्याने. पेजर मालकाच्या उशाशी गेला.

इतकं सगळं हातात असताना पुढे काय झालं? १ फेब्रुवारी २००९पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणं बंद केलं. कारण दिलं गेलं ते बरोबरच होतं: खोट्या गजरांखाली यंत्रणा दबून गेली होती. निर्णय आधीच जाहीर झालेला होता, तयारीला वर्षं मिळाली होती. पण अमेरिकेत जुने बीकन काढून नवे बसवायची सक्ती कोणी केली नाही. म्हणजे विमानात बीकन असणं कायद्याने बंधनकारक, तो बीकन उपग्रहाला ऐकू न येणारा असला तरी कायद्याला चालतं. आमच्या भाषेत याला अलार्म म्यूट करणं म्हणतात. डॅशबोर्ड हिरवा दिसतो. आग लागली तर लागली.

२०१०मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने, एफसीसीने, जुन्या बीकनवर बंदी आणायचा प्रयत्न केला. विमान वाहतूक प्रशासनाने हात वर केले: पुरेसे नवे बीकन बाजारात नाहीत, विमानं जमिनीवर बसतील. विमानमालकांच्या संघटनेने, एओपीएने, कडाडून विरोध केला. बंदी स्थगित झाली. पुढे काही वर्षांनी नव्या विक्रीवर बंदी आली, पण विमानात आधीच बसवलेला जुना डबा तसाच उडत राहिला.

मालकांची बाजू मी खोडसाळ म्हणून उडवून लावणार नाही. त्यांचं म्हणणं असं: नवा बीकन बसवायला हजार-दोन हजार डॉलर किंवा जास्तही जातात, जुन्या सेसनाचा मालक म्हणजे अब्जाधीश नव्हे, बीकन खऱ्या अपघातात अनेकदा वाजतच नाही, त्यापेक्षा खिशात बाळगायचा व्यक्तिगत बीकन घ्यावा किंवा फोन आहेच. यातला प्रत्येक मुद्दा सुटा घेतला तर खरा आहे. २०१५मध्ये नासाने लँगली केंद्रात तीन जुनी सेसना १७२ विमानं मुद्दाम उंचावरून आपटून बीकनच्या चाचण्या घेतल्या. डबा टिकूनही अँटेनाची वायर तुटली तर काही उपयोग नाही, हे त्यातून पुन्हा दिसलं. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? वायर मजबूत करा, हा. नासानेही बसवण्याच्या पद्धती सुधारायलाच सुचवलं. ‘बीकन बेभरवशाचा आहे, म्हणून मी त्याहून बेभरवशाचा जुनाच ठेवतो’ हे तर्कशास्त्र फक्त एका परिस्थितीत चालतं: चुकीची किंमत दुसरा कोणी भरत असेल तेव्हा.

आणि तो दुसरा भरतो आहे. उपग्रह बहिरे झाल्यावर जुन्या बीकनचा आवाज ऐकणार कोण? वरून जाणारी प्रवासी विमानं, ज्यांचा दुसरा रेडिओ १२१.५वर असतो. एखादा कंट्रोल टॉवर. वैमानिक कळवतो, ‘अमुक ठिकाणावरून जाताना शिट्टी ऐकू आली.’ तीस हजार फुटांवरून ऐकलेली शिट्टी म्हणजे खाली शेकडो किलोमीटरचा पट्टा. पूर्वी निदान २० किलोमीटरचं वर्तुळ हातात मिळायचं. आता तेही स्वयंसेवकांनीच उडून, गोल फिरून, पंखाच्या सावलीत ऐकून काढायचं. गजर कमी झाले, पण जे उरले ते जास्त महाग झाले; त्यांच्यासाठी. हिशेबाच्या कुठल्याही वहीत हे येत नाही, कारण त्यांच्या तासाची किंमत शून्य धरलेली आहे.

फुकट मिळणारी वस्तू माणूस उधळतो. यात अमेरिकन-भारतीय असं काही नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात दरीत अडकलेल्यांना दोर सोडून वर काढणाऱ्या आपल्या गिर्यारोहकांच्या तुकड्यांचंही आपण हेच करतो: फोटोला हार, व्हिडिओला हार्ट, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बंदी असलेल्या धबधब्यावर.

आता माझ्याच जातकुळीतल्या लोकांशी दोन शब्द. ‘हे सगळं जुनं झालं, आता एआय उपग्रहचित्रांतून विमान शोधेल, माणसं कशाला लागतात’ असं म्हणणारे मला दर आठवड्याला भेटतात. हा प्रयोग झालेला आहे. ३ सप्टेंबर २००७ रोजी साहसवीर स्टीव्ह फॉसेट नेवाडातल्या एका रँचवरून लहान विमानाने निघाला आणि परतला नाही. बीकन होता, सिग्नल आला नाही. सिव्हिल एअर पट्रोलने हजारो चौरस मैल पालथे घातले; त्यात कोणाला ठाऊक नसलेले इतर जुने अवशेष सापडले, फॉसेट नाही. दुसरीकडे अॅमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कवर पन्नास हजार लोकांनी घरबसल्या उपग्रहचित्रांचे तुकडे तपासले. काही हाती लागलं नाही. उलट चुकीच्या खुणांचा ढीग. वर्षभराने कॅलिफोर्नियात मॅमथ लेक्सजवळ डोंगरात चालणाऱ्या एका माणसाला जमिनीवर फॉसेटची ओळखपत्रं दिसली आणि मग विमान सापडलं. पायाखाली.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात लिहीत नाहीये, माझं पोट त्यावर आहे. सिव्हिल एअर पट्रोलमध्येच मोबाइल फोनच्या नोंदींवरून बेपत्ता माणसाची जागा काढणारी एक राष्ट्रीय तुकडी आहे, रडारच्या नोंदी चाळणारी दुसरी आहे, आणि बीकनपेक्षा आज त्यांच्या खात्यावर जास्त जीव या फोनवाल्या तुकडीमुळे वाचतात. घरात लॅपटॉपसमोर बसून काम करणारे तेही स्वयंसेवकच. पण ही तुकडी यशस्वी का आहे? फोन कोणाचा ते माहीत असतं म्हणून. पुन्हा पत्ताच. आणि पत्ता मिळाल्यावर शेवटचे दोन किलोमीटर अजूनही कोणाला तरी चालावे लागतात. नोव्हेंबर २००७मध्ये याच संघटनेचं एक विमान रात्री नेवाडातल्या डोंगरावर आदळलं आणि दोन मुरलेले वैमानिक गेले. त्यांच्या वेळेची किंमत शून्य धरणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

हा दूरदेशीचा वाद आहे असं वाटत असेल तर ३ जून २०१९ आठवा. जोरहाटहून मेचुकाला निघालेलं आपल्या हवाई दलाचं एएन-३२ अरुणाचलात नाहीसं झालं. आत १३ जण. हेलिकॉप्टरं, सुखोई, नौदलाचं टेहळणी विमान, इस्रोचे उपग्रह, सगळे कामाला लागले. माहिती देणाऱ्याला पाच लाखांचं बक्षीसही जाहीर झालं. आठ दिवसांनी, ११ जूनला, डोंगरउतारावर अवशेष दिसले. कोणी वाचलं नव्हतं. त्याच आठवड्यात बातम्यांत आलं की विमानातला बीकन जुन्या पद्धतीचा होता, १२१.५ आणि लष्करी २४३ मेगाहर्ट्झवाला. म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सी ऐकणं उपग्रहांनी दहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं. नव्या बीकनने ते १३ जण वाचले असते असा दावा मी करत नाही. त्या धडकेत ते शक्य दिसत नाही. पण तेरा घरांनी आठ दिवस फोनकडे बघत काढले, त्याचं काय? आणि त्या रानात शोधायला शेवटी उतरले कोण, तर डोंगर चढणारे जवान आणि वाटा माहीत असलेले गावकरी, शिकारी. म्यूट केलेला अलार्म तिकडे विमानमालकाच्या काटकसरीमुळे, इकडे खरेदीच्या फायलीत अडकल्यामुळे. शेवटी चालावं लागतं ते ज्याचा संबंध नाही त्याला.

मग करायचं काय? कॅनडाने २०२०मध्ये नियम बदलला. व्यावसायिक विमानांना ४०६चा बीकन बसवायला एक वर्ष, खासगी विमानांना पाच. तिथेही मालक कुरकुरले, तिथेही अंतरं अफाट आणि विमानं जुनी. तरी नियम झाला. आणि तिथली स्वयंसेवकांची संघटना, १९८६पासून चालत आलेली कासारा, त्यामुळे काही बंद पडली नाही. नव्या बीकनमध्येही जवळून माग काढण्यासाठी १२१.५चा एक बारीक आवाज ठेवलेलाच असतो, आणि तो ऐकत शेवटचा टप्पा गाठायला माणूस लागतोच.

अमेरिकेसाठी माझी सूचना याहून एक पाऊल पुढची आहे: बिल पाठवा. खोट्या गजरासाठी जितकी माणसं जितके तास फिरली, तितक्या तासांचं बिल विमानमालकाला, आणि पैसे त्या गावच्या तुकडीच्या खात्यात. यावर बचावकार्यातली जुनी माणसं लगेच हरकत घेतील, आणि ती हरकत वजनदार आहे: सुटकेचे पैसे घेऊ लागलात तर संकटातला माणूस खर्चाच्या भीतीने मदत मागायला उशीर करेल आणि मरेल. मान्य. डोंगरात अडकलेल्याकडून एक पैसाही घेऊ नये. पण हँगरमधला डबा मदत मागत नसतो. तो नादुरुस्त असतो, आणि तो आपोआप वाजतो. मालकाने घाबरून ‘न मागायचं’ ठरवण्याचा प्रश्नच येत नाही. घरफोडीचा अलार्म वारंवार खोटा वाजून पोलिसांना पळवलं तर अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत घरमालकाला दंड होतो. पहिल्या एक-दोन वेळा माफ, मग रक्कम चढत जाते. पगारी पोलिसांच्या वेळेची किंमत धरता येते, तर बिनपगारी माणसांच्या वेळेची का नाही?

तूर्त नियम असा आहे: बीकन एकूण तासाभराहून जास्त वाजला असेल तर त्याची बॅटरी बदलावी लागते. पाच माणसांना रात्रभर पत्र्यांना कान लावत फिरवलं, तर मालकाला येणारा खर्च तेवढाच.